चमचाभर विरजण

प्लोव्दिव, १० मे

आत्या,

फोनवर तुला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तू ऐकून न ऐकल्यासारखं करतेस, म्हणून लिहिते आहे. हे पत्र मिंचोच्या बसने येईल. त्याला कॉफी पाज, पण माझ्याबद्दल काही विचारू नकोस. त्याला काही माहीत नसतं, तो रस्ताभर रचत येतो.

आता कामाचं. आमच्या डेअरीत दही लावतात ते पाकिटातल्या पुडीने. पूड परदेशातून येते, दूध कुठूनही येतं, आणि डब्यावर मात्र डोंगराचं चित्र असतं. मागच्या आठवड्यात मी धीर करून वेलिकोवाबाईंना, म्हणजे आमच्या मालकीणबाईंना सांगितलं, की माझ्या गावात, कामेन्दोलला, मेंढीच्या दुधाचं दही अजून घरच्या विरजणावर लागतं. ते विरजण माझ्या आजीच्या सासूपासून चालत आलं आहे. आपण त्याच्यावर एक दही काढून बघू. बाई बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिल्या. मग म्हणाल्या, "आण. महिनाअखेरीला मला वर्षाची दूधखरेदी ठरवायची आहे. तोवर तुझ्या आत्याचं विरजण टिकाऊ निघालं, तर या वर्षी कामेन्दोलचं दूध आपण घेऊ."

आत्या, कळलं ना मी काय म्हणते ते? दूध विकलं गेलं तर तुझा कळप विकावा लागणार नाही. मेंढ्या मागायला येतो त्या दलालाला सांग, थांब म्हणावं.

तू विचारशील, यात एवढं शिकण्यासारखं काय आहे. सोपं करून सांगते. दह्यात जिवंत जीवाणू असतात. ते पुरेसे पोटात गेले आणि शरीराच्या उपयोगी पडले, तर त्यांना प्रोबायोटिक म्हणतात. त्यांचं खाणं, म्हणजे कांद्यातला, लसणातला, चिकोरीच्या मुळातला जो भाग आपल्याला पचत नाही पण त्यांना पचतो, ते प्रीबायोटिक. आणि ते मेल्यावर त्यांचं जे मागे राहतं, त्याचाही काही वेळा उपयोग होतो, त्याला पोस्टबायोटिक म्हणतात. यातलं काही औषध नाही, हे मी इथे सगळ्यांना सांगून थकले. आमचा जाहिरातवाला डब्यावर 'शंभर वर्षं जगा' छापायला निघाला होता.

मला एक बरणी विरजण पाठव. आम्ही ते काचेखाली बघू आणि मोजू. घट्ट झाकण लाव. मिंचोला सांग, इंजिनाजवळ ठेवू नकोस.

तुझी नेवेना


कामेन्दोल, १३ मे

नेवेना, पोरी,

पत्र मिळालं. मिंचोला कॉफी दिली, केकही दिला. विचारलं काहीच नाही, तरी त्याने सांगितलं की तू वाळली आहेस आणि सायकलवर फिरतेस. वाळली असशील तर खा. सायकलचं मला माहीत नाही.

तुझे ते तीन शब्द मी दोनदा वाचले. मला समजलं ते असं. पहिलं म्हणजे मेंढी, दुसरं म्हणजे गवत आणि तिसरं म्हणजे लेंड्या. बरोबर असेल तर तुझ्या कॉलेजने माझ्याकडून शिकवणी घ्यायला हवी होती, स्वस्तात पडलं असतं.

दलाल येऊन गेला. मेंढ्यांच्या पाठीवर हात फिरवत होता, जणू खाटीकखान्यातली हाडं मोजतोय. मी म्हटलं, हात आवर, अजून माझ्या आहेत. तो म्हणाला, "स्तानाबाई, गुडघे तुमचे, डोंगर देवाचा. किती दिवस चढाल?" गुडघ्यांचं तो खोटं बोलला नाही. पण तुझ्या आईबापाने स्पेनहून पाठवलेलं मलम लावते आणि चढते. दूध आहे, घ्यायला कोणी नाही. चीज तरी किती करू, तळघरात आता मला वाकूनही जाता येत नाही.

बरणी मिंचोकडे दिली आहे. नीट बघा. दलालाला मी महिनाअखेरीपर्यंत थांब म्हटलं आहे. तो म्हणाला, "थांबतो, मेंढ्या काही उडून जात नाहीत."

बरणीसोबत ब्रेड आहे. तो काचेखाली ठेवायचा नाही, खायचा.

स्ताना आत्या


प्लोव्दिव, १९ मे

आत्या,

मेंढी आणि गवत बरोबर. तिसऱ्यासाठी लोकर म्हण ना गं. मेंढी गेल्यावरही अंगावर राहते आणि ऊब देते. इथे मी तुझं उदाहरण सांगितलं, तर सगळी प्रयोगशाळा हसली आणि आता सगळे तिसऱ्याला लेंड्याच म्हणतात.

आता वाईट बातमी. मी थंड डोक्याने लिहिते आहे, तूही तशीच वाच.

तुझ्या विरजणात काही जिवंत नाही. काचेखाली जीवाणू दिसतात, छान दिसतात, लांबट आणि गोल, दोन्ही जातींचे, अगदी पुस्तकात असतात तसे. पण मेलेले. थोडं दुधात घालून उबेला ठेवलं, तर दुसऱ्या दिवशीही दूधच. पुन्हा केलं. पुन्हा दूध.

दोष माझा आहे. बर्फाची पेटी पाठवायला हवी होती. मिंचो म्हणतो की बरणी त्याच्या हातात आली तेव्हाच गरम होती, हाताला चटका बसेल इतकी. मला कळलं, तू ताजं लावून लगेच पाठवलंस, माझ्यासाठी घाई केलीस. त्यात वर बसची उष्णता. मरणारच ते. मी स्वतःला फार बोलले.

वेलिकोवाबाईंना सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. "दुसरी बरणी मागव," एवढंच म्हणाल्या. आत्या, दुसरी पाठव. या वेळी आधी पूर्ण गार होऊ दे. मी मिंचोकडे बर्फाची पेटी देते आहे. त्यात तो बिअर ठेवेल, लक्ष ठेव.

नेवेना


कामेन्दोल, २२ मे

पोरी,

पेटी मिळाली. वास बिअरचा होता.

या वेळी बरणी पाठवत नाही. दोन मेंढ्यांचे सड सुजले आहेत, त्यांच्याच मागे आहे. शिवाय बरण्या सगळ्या चीजने भरल्या. पेटीत चीजच घालून पाठवते. तुझ्या बाईंना दे, त्यांना आवडेल.

मेलेलं ते मेलेलं. तू स्वतःला बोलू नकोस, तुझा काही दोष नाही. पाकिटातली पूड चांगलीच असेल, नाहीतर एवढे शिकलेले लोक ती का घेतील. आणि पोस्टबायोटिक आहे म्हणतेस ना ते, त्याचं काही करता नाही का येणार?

दलालाचं मी बघते. तू जेवत जा.

स्ताना आत्या


प्लोव्दिव, २६ मे

आत्या,

तुझं पत्र मी कितीदा वाचलं. तू कधी बरण्यांवाचून अडलेली मला आठवत नाही. सड सुजले तर तू आधी मला मलमाचं नाव विचारतेस. मला वाटतं, गुडघे फार दुखताहेत आणि कळप विकायचं तू ठरवलं आहेस, फक्त तुला ते मला सांगवत नाही. तसं असेल तर सांग. मी रागावणार नाही. रडेन थोडी, पण ते तुला दिसणार नाही.

मेलेल्यांचं तू विचारलंस. हो, उपयोग असू शकतो, त्यावर काम चालू आहे, आणि तुझी बरणी मी फेकलेली नाही, गोठवून ठेवली आहे. पण मेलेल्यावर दही लागत नाही. आणि मी बाईंना शब्द दिला होता तो जिवंत विरजणाचा.

आता मुद्द्याचं. काल बाईंनी मला बोलावलं. तुझं चीज त्यांच्या टेबलावर होतं, अर्धं संपलेलं. म्हणाल्या, "हे दूध मला हवं. दूध कामेन्दोलचं घेऊ. डब्यावर गावाचं नाव आणि तुझ्या आत्याचा डोक्याला रुमाल बांधलेला फोटो. आणि लिहू, 'घरच्या विरजणाचं दही'."

मी म्हटलं, "पण विरजण तर पुडीचं असेल."

"दूध तर गावचंच असेल ना, नेवेना. खोटं किती? चमचाभर."

त्या वाईट नाहीत, आत्या. चाळीस लोकांचे पगार त्यांच्यावर आहेत. आणि त्यांचं म्हणणं मानलं तर मेंढ्या राहतात. फक्त प्रयोगशाळेच्या कागदावर मला सही करायची आहे, की विरजण कामेन्दोलचं आहे. मी नाही म्हटलं तर दूधखरेदी दुसरीकडे ठरेल. त्यांनी मला शुक्रवारपर्यंत वेळ दिला आहे.

काल घरी जाताना मी नदीवरच्या पुलावर बराच वेळ उभी होते. आपल्या घरात मी पहिली शिकले. गावातल्या सगळ्यांनी मला विचारलं होतं, शिकून काय करणार, आणि मी मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, लोक काय खातात ते त्यांना खरं खरं सांगणार. आता पहिलीच सही चमचाभर खोट्याची. दुसऱ्या बाजूला तू आणि सगळा कळप. मला कळत नाही. मला एकदा तरी तू सांग काय करू ते. तू म्हणशील ते मी करीन.

नेवेना


कामेन्दोल, २८ मे

नेवेना,

सही करू नकोस. आणि हे पत्र बसून वाच.

विरजण बसमध्ये मेलं नाही. मी मारलं.

तुला माहीत आहे, मेच्या सुरुवातीच्या संत गेऑर्गीच्या सणापासून पुढे सगळ्या कळपांचं दूध मोजतात त्या दूधमापणीपर्यंत आपल्याकडे घरातलं विरजण बाहेर देत नाहीत. मेंढ्यांचं पहिलं दूध चालू असतं, त्या दिवसांत विरजण उंबऱ्याबाहेर गेलं की घराचं दूध त्याच्या मागे जातं आणि घरात दही लागेनासं होतं. शेजारीण मागायला आली तरी आपण म्हणतो, नंतर ये. तू लहान होतीस तेव्हा तुला हे सांगितलं होतं, पण तू तेव्हाही पुस्तकात डोकं घालून होतीस.

तुझं पत्र आलं तेव्हा सण नुकताच होऊन गेला होता. तुला नाही म्हणवेना. द्यायचंही धजेना. मग मी आईला करताना पाहिलं होतं तसं केलं. फारच गरज असलेल्याला द्यावं लागलं, तर ती बरणी आधी चुलीच्या गरम राखेत पुरून ठेवायची, खदखदेपर्यंत. मग जातं ते नुसतं आंबट दूध, घराचं भाग्य घरात राहतं. तू लिहिलं होतंस, काचेखाली बघू आणि मोजू. बरणी मागितलीस तिथे दही लावणार, असं कुठे लिहिलं होतंस? मला वाटलं, बघायला जिवंत काय नि मेलेलं काय. मेलेल्या माणसाचंही तोंड दिसतंच की. मोजायचं म्हटलं तरी मेलेले एका जागी पडून असतात, मोजायला उलट सोपे.

तू स्वतःला बोलत होतीस ते वाचलं आणि तरी मी खरं लिहिलं नाही. सडांचं खोटं, बरण्यांचंही खोटं. गुडघे दुखतात ते खरं.

आता तू चमचाभर खोट्यासाठी पुलावर उभी राहतेस आणि ते खोटं माझ्या चुलीतून आलेलं आहे. हे मला झेपत नाही. दोन दिवस विचार केला, डोंगरावर मेंढ्यांशी बोलले. त्यांना काही पडलेलं नाही.

एक वाट आहे. त्या दिवसांतही विरजण एकाच रीतीने बाहेर जातं, हे आई सांगायची. घरची मुलगी संसार मांडायला निघाली, की तिच्या मांडीवर. ते देणं नव्हे, ते घर वाढणं. तुझं लग्न व्हायचं आहे आणि तुझी लक्षणं बघता लवकर होईलसं दिसत नाही. पण पोरी, तू आपलं घर सोडून निघालीस ती याच कामासाठी. तुझा संसार तिथेच आहे, पांढऱ्या डगल्यात. मग मी कशाची वाट बघत बसले आहे?

गुरुवारच्या बसने मी स्वतः येते. बरणी माझ्या मांडीवर असेल, तिथून तुझ्या मांडीवर. मेंढ्या शेजारचा पावेल बघेल. तो कुरकुर करेल, पण बघेल.

आई म्हणायची ते खरं निघालं आणि दूध आटलं, तर आटलं. तेव्हा दलालाला हाक मारीन. मी याचा सगळा विचार करून ठेवला आहे. तुझ्या बाईंना सांग, त्या फोटोसाठी मी येत नाहीये. पण चांगला रुमाल बांधून येईन, ते वेगळं.

स्ताना


प्लोव्दिव, ५ जून

आत्या,

तू गेलीस त्याला आता काही दिवस झाले, तरी सगळे तुझंच बोलतात. रखवालदार विचारत होता, ती बाई परत कधी येणार, जिने मला विचारलं की दिवसभर दार धरून ठेवायला काय दार पळून जातं का.

त्या दिवसाचं तुला लिहायचं राहून गेलं. तू प्रयोगशाळेच्या दारात मला खुर्चीवर बसवलंस, मांडीवर टॉवेल पसरलास, त्यावर ब्रेड ठेवलास आणि बरणी ठेवलीस, आणि म्हणालीस, "घे. आता माझ्याकडे परत मागायला यायचं नाही, वाढवायचं." वेलिकोवाबाई मागे उभ्या होत्या. त्या नंतर मला म्हणाल्या, माझ्या लग्नातसुद्धा मला इतकं अवघडल्यासारखं झालं नव्हतं. आणि नाक शिंकरत निघून गेल्या.

मग आपण दोघींनी दूध तापवलं. तू करंगळी घालून बघायला निघालीस, तेव्हा मी तुला हातमोजे घालायला लावले, आणि तू इतकी चिडलीस. "यात करंगळीला काही कळतच नाही. दूध चावतंय की नाही ते कसं सांगू?" मग मी थर्मामीटर बघून सांगितलं, आता घाल, आणि तू लगेच घातलंस. मला त्याची किती भीती वाटत होती हे तुला माहीत नाही. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास, आणि तेही त्या दिवसांत.

लागलं, आत्या. ते तू बघितलंसच. पण मोजणी परवा पूर्ण झाली. जिवंत आहेत, भरपूर आहेत, आणि दोन्ही जाती एकमेकींना धरून वाढतात. एक आंबट करायला लागते, दुसरी तिला पुढे नेते. थंडीत ठेवलेल्या डब्यातही ते टिकून आहेत. मी कागदावर सही केली. खरी सही.

मी बाईंना सगळं सांगितलं, तुझ्या राखेसकट. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मुदत आठवड्याने वाढवली होती, ती माझ्यासाठी नव्हे, तू त्यांना जे सुनावलंस त्यासाठी: "बाई, मी इतके दिवस घाबरून खोटं बोलले. तुम्ही कशाला घाबरता?" आता ठरलं आहे, की या मोसमात कामेन्दोलचं दूध आम्ही घेऊ, तुझं आणि अजून ज्यांना द्यायचं असेल त्यांचं. थोडंच दही काढू, डब्यावर खरं तेवढंच लिहू. किती जिवंत आहे आणि कधीपर्यंत. शंभर वर्षांचं काही नाही. जाहिरातवाला नाराज आहे. फोटो तुझा हवाच म्हणतो, त्याला मी सांगितलं, ते तू तिलाच विचार.

आमची गाडी सोमवारी येईल. चालक नवा आहे, त्याला कॉफी पाज.

मला एकच विचारायचं आहे आणि ते विचारायला मला भीती वाटते. तिकडे दूध कसं आहे?

नेवेना


कामेन्दोल, ११ जून

पोरी,

गाडी आली नि गेली. चालक कॉफी पीत नाही, चहा पितो. असेही लोक असतात.

दलालही आला होता, दोर घेऊनच. त्याला बसवलं आणि वाटीभर दही दिलं. खाल्लं त्याने. म्हणाला, "मग नाहीच का?" मी म्हटलं, नाही. मग अजून एक वाटी मागितली.

तू दुधाचं विचारतेस. तुला खरं सांगते. प्लोव्दिवहून आले त्या संध्याकाळी मी धार काढली, दूध तापवलं, उरलेलं विरजण घातलं, मडकं लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून ठेवलं आणि आवाज न करता झोपले. सकाळी उठले ती आधी अंगण झाडलं. मग कोंबड्यांना घातलं. मग परत अंगण झाडलं. पावेल कुंपणावरून म्हणाला, "स्ताना, आज जत्रा आहे का अंगणात?"

शेवटी आत गेले. घोंगडी सोडली, फडकं काढलं. वरची साय पिवळी, सुरकुतलेली, रोजच्यासारखी. पण सायीवर काही कळत नाही. म्हणून मडकं दोन्ही हातांनी धरून आडवं केलं, असं, की पाणी असतं तर पार पायावर आलं असतं.

हललं नाही.

स्ताना आत्या